हाताच्या मापाचा आहेर

एका राज्यात अन्न उदंड होतं आणि राणी उपाशी मरत होती.

राजाचं नाव हेमकर्ण. राणी सायो, समुद्रापलीकडच्या जपान बेटांवरून सून होऊन आलेली. तिला तिकडचंच जेवण प्रिय. चिकट भात, समुद्रशेवाळाचं कढण, निखाऱ्यावर भाजलेला मासा. लग्नाच्या पंगतीत तिनं माहेरचा वाडगा हाती उचलला, तोंडाशी नेला आणि काड्यांनी भात खाल्ला. पंगत खदखदून हसली. सर्वांत मोठ्यानं राजा हसला. "पात्र हातात धरून आमच्याकडे भिकारी खातात," म्हणाला, आणि तिची माहेरची सारी भांडी त्यानं अंगणात फोडवली.

त्याच पंगतीत एक मांत्रिक जेवत होता. तो भरल्या पानावरून उठला.

"हिच्या मुखी जाईल त्या घासाची राख होईल. राजा, हिला साजेसं पात्र तू आहेर म्हणून आणशील तेव्हा शाप सुटेल. तीनदा आणता येईल. पहिला आहेर चुकला तर हिची वाचा जाईल, दुसरा चुकला तर दृष्टी, तिसरा चुकला तर प्राण."

पाप नवऱ्याचं, उपास बायकोला. शाप देणाऱ्याला तरी दुसरं काय सुचणार!

राणी वाळत चालली, तेव्हा राजाला घास गोड लागेना. राजतळ्यावर एक करकोचा राहत असे. तो बोलत असे. म्हणाला, "बैस पाठीवर. पात्रांची पेठ तिच्याच देशात आहे."

समुद्र ओलांडून राजा पेठेत उतरला. तिथली भांडी बोलत होती, आपापले गुण सांगत होती. मधोमध एक म्हातारी विकायला बसलेली.

"राणीसाठी आहेर हवा," राजा म्हणाला. "तुमच्याकडचं सर्वांत जड पात्र द्या."

"जड? जेवणारीला द्यायचंय की तराजूला?"

त्या राज्यात आहेर वेशीवर तोलायची रीत होती. जड तो थोर. राजानं रत्नजडित सोन्याचं ताट उचललं. मोल म्हणून म्हातारीनं त्याची झोप काढून घेतली.

वेशीवर तराजूचं पारडं भुईला टेकलं. प्रजेनं जयजयकार केला. राणीनं ताट दोन्ही हातांनी उचलू पाहिलं. ताट जागचं हललं नाही. वाकून एक घास घेतला. राख. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आवाज आला नाही.

राजा पुन्हा करकोच्यावर बसला.

"या वेळी काय घेशील?" पक्ष्यानं विचारलं.

"पंगतीला शोभेल असं. सगळं एकसारखं."

"पंगत उपाशी आहे का रे?"

राजा पेठेत उतरला. अंड्याच्या टरफलासारखे पातळ, पांढरेशुभ्र, एका घडणीचे वाडगे त्यानं आणले. मोल म्हणून सावली देऊन आला. पांढऱ्या वाडग्यात उकळतं कढण ओतलं. राणीनं तो तळव्यावर घेतला आणि तळवा भाजला. घोटाची राख झाली. मग तिनं दिव्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि कशाकडेच पाहीनाशी झाली.

आता उरला प्राण. वैद्यांनी येणं सोडलं. दासी कुजबुजत, "सुटेल तर बरं बाई." चूल पेटे, भात शिजे, तसाच निवून जाई.

राजा तिसऱ्यांदा पेठेत गेला आणि म्हातारीपुढे जमिनीवर बसला. "मला निवडता येत नाही. तूच निवड."

"तिच्या हाताचं माप सांग."

राजाला तलवारीच्या मुठीचं माप ठाऊक होतं, घोड्याच्या रिकिबीचं ठाऊक होतं. बायकोच्या हाताचं नव्हतं.

"मग आलास कशाला?" म्हातारी म्हणाली. "मर्तिकाचं मडकं तुमच्या गावातही मिळतं."

राजा रित्या हातानं परतला. राणी भिंतीकडे तोंड करून पडली होती, मूठ आवळलेली. त्यानं मूठ धरली. तिनं हिसकावून घेतली.

"सायो, माप हवं आहे."

मूठ उघडली नाही. राजा बसून राहिला. बाहेर प्रधान ताटकळले, दरबार खोळंबला. ऊन पायरीवरून अंगणात उतरलं, तेव्हा तिची बोटं आपोआप सैल पडली. राग ओसरला म्हणून नव्हे, बळ सरलं म्हणून. राजानं एकेक बोट सरळ केलं. तळव्यावर भाजल्याचा डाग होता. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत त्यानं सूत ताणलं. वीतभरही नव्हतं.

राजा सूत घेऊन पुन्हा पेठेत गेला. म्हातारीनं सूत पाहिलं. "काड्या याच्या दीडपट घ्यायच्या. आमची रीत आहे. आणि हात कसा आहे?"

"भाजलेला."

"कशानं?"

"माझ्या आहेरानं."

म्हातारीनं तीन वस्तू काढल्या. कढणासाठी लाख चढवलेला लाकडी वाडगा, आत उकळी असली तरी हाताला न पोळणारा. भातासाठी मातीचा, खरबरीत, ओंजळीत बसणारा. आणि काड्या. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. एकही भांडं बोललं नाही.

"मोल?"

"चालता हो. ती तिकडे मरतेय."

वेशीवर तोलणारा म्हणाला, "महाराज, पारडंच हलत नाही!" लोक तोंड लपवून हसले. राजा थांबला नाही.

राणीच्या हाती कढणाचा वाडगा दिला. आंधळी बोटं त्याच्या बुडाभोवती फिरली आणि मिटली. वाडगा वर गेला. राजानं डोळे मिटले. त्याला ते पाहवेना.

"कढण खारट आहे," राणी म्हणाली.

दासी किंचाळल्या. आचारी रडत पाया पडला. राणीनं पापण्यांची उघडझाप केली, वाडगे पाहिले, काड्या पाहिल्या, मग राजाला पाहिलं. त्याची सावली नव्हती, डोळे झोपेवाचून लाल झालेले.

"कुणी निवडले?"

"तुझ्या हाताच्या मापानं."

"उशीर केलात."

"हो."

तिनं मातीचा वाडगा पुढे केला. "भात वाढा."

राजानं आपल्या हातानं वाढला. राणी त्याच्याकडे न बघता जेवत राहिली.

शाप सुटला, राज्याची घडी बसली, वेशीवरचा तराजू धान्याच्या बाजारात गेला. राजाची झोप आणि सावली मात्र परत आल्या नाहीत. सायोराणीची भूक भागली, तशी ज्याची त्याची भागो. वाढणाऱ्याला वेळेवर शहाणपण येवो.