फळीवरचं कण्हणं

रावजी गेले आणि मागं त्यांच्या गाण्याची एक रेकॉर्ड उरली. अंबूताई लाकडी माडीवर एकट्या बसून ऐकत, तेव्हा गाणं स्वच्छ वाजे. दुसरं कुणी वर आलं, की रावजी गाता गाता कण्हत.

सोनबा देवऋषी माडीभर येरझाऱ्या घालत म्हणाला, "धनी अडकलेत, बाई. रेकॉर्ड नदीत सोडा."

अंबूताईंनी प्लेअरखालच्या फळीवर हवा भरलेली सायकलची ट्यूब ठेवली, तिच्यावर शहाबादी फरशी आणि त्यावर परत रेकॉर्ड प्लेअर. सोनबा मंत्र पुटपुटत फिरतच होता, पण कण्हणं थांबलं.

"माझा मंत्र," तो म्हणाला.

अंबूताईंनी ट्यूब काढली. त्याच्या पावलागणिक रावजी कण्हू लागले.

"महाराज, धनी तुमच्या पायांना वैतागलेत. तेवढे घेऊन खाली उतरा."

सोनबा उतरला. ट्यूब परत बसली. गाणं संपलं, अंबूताईंनी सुई उचलली, तरी फळीकडून कुणीतरी हलकेच हसलं.