हापिसात बसवलेली मेंढरं

विश्वास ठेवून दाखव! ह्यातल्या एका शब्दावर जरी ठेवलास, तर डब्यातला लाडू तुला. न्हाई ठेवलास, तर मी खाते. बस असा खाली.

कोरवळच्या नगरपालिकेत रंगराव अध्यक्ष झालं, आनि त्यास्नी कारंज्याचं याड लागलं. गावात नळाला चौथ्या दिवशी पानी, आनि ह्यास्नी कारंजं पायजे! तेबी बागंत. बाग कुठं करायची? नकाशा पसरला, पेन्सिल फिरवली, आनि गावाच्या कडंची निवृत्ती खराड्याची तीन एकर बागंत घालून मोकळं झालं.

मग कुनाची हरकत आसंल तर सांगा म्हनून लोकं बोलावली. निवृत्तीआबा गेला, त्याच्या मागनं त्याची लेक हौसा. वय सतरा, आनि जीभ अशी की विळ्यानं लाजून म्यानात जावं! विळ्याला म्यान नसतंय? ठावं हाय मला. मधी बोलू नगंस.

आबा हात जोडून म्हनला, "सायेब, तीनच एकर हाय. घरात खानारी सात."

"मी काल जीप थांबवून बघितलं की!" रंगराव म्हनलं. "नुसती ढेकळं! पीक नाही, पान नाही, माणूस नाही. बिनकामाची पडलेली जागा म्हणजे पडीक. आणि पडीक जागा गावाच्या कामाला लावायची, हा माझा नियम!"

"वैशाखात कुनाच्या रानात पीक आसतंय, सायेब?" हौसा म्हनली. "आनि रान बिनकामाचं न्हाई. काम चाललंय त्याचं."

"ढेकळं काय काम करतात गं?"

"तुमास्नी जीपमधनं दिसायचं न्हाई."

लोकं फिदीफिदी हसली. रंगरावांनी टेबलावर हात आपटला. "असं? मग सोमवारी अकरा वाजता, इथं, ह्या हापिसात, तुझ्या रानाचं वैशाखातलं काम मला दाखव! दाखवलंस तर पेन्सिल खोडतो. नाहीतर त्याच दिवशी कारंज्याचा नारळ फोडतो!"

वाटंत आबा रडकुंडीला आला. "पोरी, रान काय बैल हाय व्हय, दावं लावून हापिसात न्यायला?"

"रान नगं न्यायला, आबा. रानाचं पावनं नेऊ."

आता पावनं कोन? बिरा धनगर! दर वैशाखाला त्याचा कळप आबाच्या रानात बसायचा. दोनशे मेंढरं. लेंड्या पडायच्या, रानाला खत मिळायचं, आनि रानाचा मालक बिराला जोंधळं द्यायचा. आज्जा-पंज्यापासनं चालत आलेला रिवाज. शनवारी बिरा आला, आनि हौसा त्याच्या कानाला लागली.

ऐतवारी नगरपालिकेला सुट्टी. शिपाई मेव्हनीच्या लग्नाला. फाटकाला कुलूप कुठलं, सुतळी! हौसानं सुतळी सोडली आनि दोनशे मेंढरं आत. अंगनात मेंढरं, पायऱ्यांवर मेंढरं, नोटिसा लावायच्या फळ्याखाली मेंढरं. फळ्यावरच्या तीन नोटिसा मेंढरांनी वाचल्या आनि खाल्ल्या.

सोमवारी शिपायानं दार उघडलं मातर, राहिलेलीबी आत घुसली. आनि एक म्हातारा एडका सरळ जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. एडका खुर्चीत बसत न्हाई म्हनतोस? तू गेलतास का बघायला?

अकरा वाजता रंगराव आलं. दारातच थांबलं. "हे काय? कुणी आणली ही?"

"मी," हौसा म्हनली. "जागा पडीक दिसली, म्हनून गावाच्या कामाला लावली."

"पडीक? अगं, नगरपालिका आहे ही!"

"काल दिसभर बघितलं, सायेब. मानूस न्हाई, कागद न्हाई, शिक्का न्हाई. बिनकामाची पडलेली जागा म्हंजे पडीक. नियम तुमचाच!"

"अगं, काल रविवार! सुट्टी होती!"

"तुमास्नी आठवड्याला एक. आमच्या रानाला वर्साची एक. आनि सुट्टीतबी त्ये रिकामं बसत न्हाई!" हौसानं अध्यक्षांच्या टेबलावरनं लेंड्यांची ओंजळ भरली आनि त्यांच्या नाकाफुडं धरली. "ह्ये बघा त्याचं वैशाखातलं काम. खत खातंय! तुमच्या फरशीला खाता आलं न्हाई, म्हनून तुमाला दिसलं तरी. रान समदं गिळतंय, आनि दिवाळीला कनसातनं दाखवतंय!"

तेवढ्यात बिरा फुडं आला, फेटा सावरला, "रामराम मालक. दोन पायली जोंधळं द्या."

"मी? मी कशाला?"

"कळप ज्याच्या जागंत बसतो, त्योच देतो. रिवाज हाय!"

रंगरावांनी बिराकडं बघितलं, हौसाकडं बघितलं, खुर्चीतल्या एडक्याकडं बघितलं. आधी मिशी हलली. मग पोट हललं. मग असं हसलं, असं हसलं, की डोळं पुसायला शिपायाचा रुमाल घ्यावा लागला!

"रबर आणा रे!" आनि भर हापिसात, दोनशे मेंढरांच्या साक्षीनं, तीन एकरावरची पेन्सिल खोडली. जोंधळं सोताच्या घरनं मागवलं. "आता तू सांग, हौसा. तुला काय बक्षीस देऊ?"

"खत!"

"काय?"

"हापिसात पडलंय त्ये. एका रातीचं आमच्या रानाचं खत बुडालं न्हवं? त्ये आमचं. आनि न्यायला तुमची जीप."

चार खेपा झाल्या! फुडं डायवर, मागं लेंड्यांची पोती, आनि मधी सोता अध्यक्ष, नाकाला धोतराचा सोगा लावून, हसतायत खो खो!

ठेवलास विश्वास? न्हाई ना? मग लाडू माझा. ऊठ, जा आता घरला!