कॅमेरे बंद होते ते तीन दिवस

"मग याला संस्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, अप्पा?"

मन्मथ हालगे यानं हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा अप्पांनी सुईत दोरा ओवायला घेतला होता. तो अजून ओवला जात नव्हता.

भर दुपार होती. मठ गावाबाहेर, माळावर. चन्नवीर अप्पा ओसरीवर फाटकी वाकळ शिवत बसले होते. तीस वर्षांपूर्वी मन्मथ याच ओसरीवर त्यांच्या पायाशी बसून शिकला होता. आता तालुक्याच्या गावी त्याची निवासी अभ्यासिका होती. अकरावी-बारावीची तीनशे मुलं-मुली, आणि प्रत्येक खोलीत कॅमेरा. मारायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त पाहायचं, असं तो पालकांना अभिमानानं सांगे.

नवी इमारत उभी राहिली होती, नऊशे मुलांची. तिला अप्पांचं नाव द्यायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठीच तो आला होता.

"पुन्हा सांग," अप्पा म्हणाले. "सावकाश."

मन्मथनं सांगितलं. गेल्या महिन्यात वीज कोसळली आणि सगळे कॅमेरे जळाले. तीन दिवस एकही चालू नव्हता.

"पोरांना ठाऊक होतं?"

"मीच माइकवरून सांगितलं. मला बघायचं होतं."

"मग?"

"एकानंही मान वर केली नाही."

"हसलं कोणी?"

"नाही."

"कुजबुजलं?"

"नाही, अप्पा. कोणी खोकलंसुद्धा नाही."

अप्पांनी सुई खाली ठेवली.

"तीनशे पोरं," ते स्वतःशीच म्हणाले. "तीन दिवस…"

"चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. मी त्याला परत पाठवला. म्हटलं, आता गरज नाही."

मन्मथ हसला. अप्पा हसले नाहीत. ते त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत होते.

"इतकं चांगलं झालं," ते म्हणाले, "तर तुला झोप का लागत नाही?"

झोपेचं मन्मथ काहीच बोलला नव्हता.

माळावरचा वारा पडला होता. लांब कुठंतरी टिटवी ओरडली आणि थांबली.

"दुसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली," तो म्हणाला.

"सांग."

"अंबिका पांचाळ म्हणून एक मुलगी आहे. सुताराची. हुशार. संध्याकाळी पाच ते सव्वासहा वाचनाचा तास असतो, वाचायचं आणि टिपणं काढायची. मी बाहेरून, खिडकीतून बघत होतो. पाच-वीसला तिच्या नाकातून रक्त यायला लागलं."

अप्पा वाकळीवरून पुढं झुकले.

"एक थेंब वहीवर पडला. मग दुसरा. मग धारच. तिनं वही जराशी बाजूला सरकवली. लिहीत होती तिथं पडू नये म्हणून. आणि लिहीत राहिली."

"शेजारी कोण होतं?"

"तिची मैत्रीण. एकाच गल्लीतल्या दोघी, एकत्र वाढलेल्या."

"तिनं बघितलं नाही?"

"मान वळवायची नाही, असा नियम आहे."

"कॅमेरा बंद होता ना रे?"

"होता…"

मन्मथचा आवाज खाली आला.

"तिनं मान वळवली नाही, अप्पा. पण रक्त बाकावरून तिच्याकडे वाहत आलं, तेव्हा तिनं कोपर आवरून घेतलं."

अप्पांनी वाकळ मांडीवरून काढून बाजूला ठेवली.

"पुढं?"

"सव्वासहाला घंटा झाली. सगळे उठले. अंबिकाही उठली, आणि पडली. दवाखान्यात नेली. आता बरी आहे. मी तिला विचारलं, बाळ, तू उठली का नाहीस? हाक का मारली नाहीस?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, सव्वासहा व्हायचे होते."

"आणि तिचा बाप?"

"बाप… त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुमच्यामुळं पोरीला वळण लागलं. मला वाटलं होतं, माझी कॉलर धरतील. मी त्याच तयारीनं गेलो होतो."

अप्पांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"पाच-वीस ते सव्वासहा," ते म्हणाले. "पाऊण तासाच्या वर झाला. तू कुठं होतास?"

"सांगितलं ना, खिडकीशी."

"सगळा वेळ?"

"…हो."

"आत का गेला नाहीस?"

"वाचनाच्या तासाला आत कोणी जायचं नाही," तो म्हणाला. "कोणीच नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच."

"मग?"

"दाराच्या कडीला हात लावला होता, अप्पा. खरंच लावला होता. पण मानेवर कुणाची तरी नजर जाणवली. मागं वळून पाहिलं तर व्हरांड्यात कोणी नव्हतं. कॅमेराही जळालेला, त्याचा दिवासुद्धा विझलेला. तरी मी हात काढून घेतला… आणि घंटेची वाट बघत उभा राहिलो."

तो थांबला.

"तेव्हापासून ती नजर आहे. अंघोळीला जातो, आहे. जेवतो, आहे. बायको विचारते, असं ताठ बसून काय जेवताय?"

अप्पांनी त्याला न्याहाळलं. आल्यापासून मन्मथ मांडी न मोडता बसून होता. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. घाम कानामागून मानेवर उतरत होता आणि त्यानं तो पुसला नव्हता.

"पाय सुन्न झाले असतील," अप्पा म्हणाले. "पसर."

"असू दे, अप्पा. आपल्यासमोर…"

"लहान होतास तेव्हा माझ्या मांडीवर पाय टाकून झोपायचास. पसर."

मन्मथ हलला नाही.

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. त्याच्या दोन घड्या केल्या, ते स्वतःच्या डोळ्यांवर बांधलं आणि मागं गाठ मारली. मग भिंतीला पाठ लावून बसले.

"घे. मीही बघत नाही. इथं दुसरं कोणी नाही. पसर पाय."

ओसरीवर काहीही हललं नाही.

मन्मथनं एक हात गुडघ्यावरून उचलला, अधांतरी धरला आणि परत होता तिथंच ठेवला.

"जमत नाही," शेवटी तो म्हणाला.

"कोण धरतंय?"

मन्मथनं अगदी हळू मान वळवून मागं पाहिलं. मठाचं दार उघडं होतं. बाहेर मोकळा माळ, ऊन, आणि त्याच्या गाडीची आखूड सावली. माणूस नव्हता. तरी तो त्या दाराकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेही त्यानं पुसलं नाही.

"अप्पा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की पलीकडच्याला ऐकू जाऊ नये अशी काळजी त्यात होती. "हा बघणारा मला कधी सोडेल?"

अप्पांनी डोळ्यांवरची पट्टी काढली नाही. त्यांनी फक्त तोंड दाराकडे वळवलं आणि थोडा वेळ कान देऊन बसले.

"तोही मघापासून मला तुझ्याबद्दल हेच विचारतोय," ते म्हणाले.