आबांचं नाव आणि संघाचं दूध

एका तालुक्याच्या गावी एक दूध संघ होता आणि त्या संघाच्या कचेरीत हर्षदा चौगुले नावाची एक मुलगी कामाला होती. मुलगी हुशार, हसरी, पण भारी उतावळी. चहा निवेपर्यंतसुद्धा तिला धीर नसायचा. रोज जीभ पोळायची, रोज हाय हुय करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

संघाचा सगळा कारभार आता क्लाउडवर गेला होता. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं बरं का. लांब कुठंतरी मोठाल्या इमारतींत कॉम्प्युटर मांडलेले असतात, त्यातली थोडी जागा आपण भाड्यानं घ्यायची, एवढंच. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, कुणाच्या म्हशीनं दगा दिला, सगळं त्या भाड्याच्या कोठारात. त्या कोठाराची देखभाल इरफान मुलाणी नावाचे एक शांत गृहस्थ करायचे. त्यांची बायको नाशिकला शिक्षिका होती. त्यांनाही तिकडंच काम मिळालं आणि त्यांनी संघाला तसं कळवून टाकलं.

संघाचे अध्यक्ष आनंदराव माने. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा. आबांनी जाहीर केलं की मुलाणींच्या जागी आपल्यातलंच माणूस घेऊ, मात्र त्यानं आधी क्लाउडचं एखादं सुरुवातीचं सर्टिफिकेट मिळवावं. हर्षदाचे डोळे लकाकले. तिला ती जागा अगदी मनापासून हवी होती. बरोबरीच्या मैत्रिणी पुण्याला जाऊन एका खोलीत चौघीचौघी राहत होत्या. हिला मोठं काम हवं होतं, पण आईच्या हातची गरम भाकरीही हवी होती. दोन्ही एका जागी मिळायची ही एकच संधी होती.

आता प्रश्न आला, सर्टिफिकेट कुठलं? एक होतं भल्यामोठ्या नावाचं. कागदावर नाव लिहायचं तर दोन ओळी लागाव्यात. त्यात क्लाउडमधल्या झाडून सगळ्या गोष्टींची नावं यायची आणि उत्तरं पाठ करून पास होता यायचं. दुसरं होतं एकाच अवजाराचं. आपल्याला काय काय हवं ते लिहून दिलं की ते अवजार आपलं आपण सगळं उभारून देतं. संघात मुलाणी तेच वापरायचे. पण त्या सर्टिफिकेटचं नाव एवढंसं आणि तयारी करायची तर रोज काहीतरी बांधायचं आणि रोज मोडायचं.

हर्षदाला सल्ला द्यायला अख्खं गाव धावून आलं. ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता, ते तर सगळ्यांत पुढं. सगळ्यांचं म्हणणं एकच, नाव दणदणीत असावं. त्यातही तिची मालूमावशी फार मागं लागली. मावशी वधू-वर सूचक केंद्र चालवायची आणि जगातली प्रत्येक गोष्ट तिला बायोडेटात कशी दिसेल यावरून जोखायची. छोट्या सर्टिफिकेटचं नाव ऐकून तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं, हे लिहिलं तर लोक विचारतील, बाकीचं कुठं छापायचं राहिलं?"

हर्षदा मुलाणींकडं गेली. खरं सांगायचं तर मोठ्या नावाची तिलाही भुरळ पडली होतीच. मुलाणींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "ही जागा मिळाली, तर पहिल्या दिवशी सकाळी खुर्चीत बसून काय करशील?" हर्षदा म्हणाली, आधी चहा पिईन. मग ते म्हणाले की दोन्ही परीक्षा चांगल्या आहेत, वाईट कुठलीच नाही. पण एकीत तू नावं शिकशील आणि दुसरीत काम शिकशील. तुला आत्ता कशाची गरज आहे ते तूच ठरव.

हर्षदानं छोटं निवडलं. गावात थोडं हसं झालं. मावशी तर आठवडाभर नीट बोलली नाही.

पण सरावाला काहीतरी खरंखुरं हवं ना? मग हर्षदानं मावशीलाच गाठलं आणि लाडीगोडी लावून तिच्या केंद्राचे सगळे फोटो क्लाउडवर मांडून द्यायचं कबूल केलं. मावशी विरघळली. झालं, तालुक्यातले झाडून सगळे उपवर मुलगे एका कोठारात जाऊन बसले. बघायला छान, शोधायला सोपे. मावशी इतकी खूश झाली की तिनं आपल्या फोनमधले फोटो पुसूनही टाकले. मग तिला वाटलं, कोठाराचं नाव जरा भारदस्त असावं. नुसतं 'स्थळं' काय? 'राजयोग' ठेव.

आता त्या अवजाराची एक रीत होती. काहीही करण्याआधी ते एक यादी समोर ठेवायचं. हे नवं बांधीन, हे बदलीन, हे पाडीन. आणि खाली विचारायचं, करू का? तुम्ही 'येस' लिहिल्याशिवाय ते जागचं हलायचं नाही. हर्षदाला बांधकामाची मजा यायची, यादीचा कंटाळा यायचा. तिनं नाव बदललं, यादीकडं न बघता 'येस' ठोकलं आणि फुंकर न घालताच चहाचा घोट घेतला.

'राजयोग' दिमाखात उभा राहिला. आत एकही नवरदेव नव्हता.

कारण त्या अवजाराला पाटी बदलणं ठाऊकच नव्हतं. नाव बदललं की ते जुनं कोठार आतल्या सामानासकट पाडायचं आणि नव्या नावाचं रिकामं कोठार उभं करायचं. यादीत तसं स्पष्ट लिहिलंही होतं. वाचलं कुणी? मावशीनं आकांत मांडला. सगळ्या मुलांच्या घरी पुन्हा फोन करून तिला फोटो मागवावे लागले आणि त्या भानगडीत दोघांची लग्नं परस्पर ठरल्याचंही तिला तेव्हाच कळलं. हर्षदा ओशाळली, रडली, मग आपल्याच फजितीवर पोट धरून हसली. त्या दिवसापासून ती यादी मोठ्यानं वाचायची आणि मगच 'येस' लिहायची. पुढं परीक्षा दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाली.

मग संघाचा वर्धापनदिन आला. त्याच दिवशी मुलाणींचा निरोपसमारंभही होता. संचालक जमले, पेढ्यांची परात आली, मुलाणी गळ्यात हार घालून पुढच्या खुर्चीत बसले. आबांनी हर्षदाचं सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटून पालटून पाहिलं आणि जरा नाराजीनंच म्हणाले की नाव काही भरत नाही, पण बघू, आज सगळ्यांसमोर एक छोटं काम करून दाखव. काम झालं की जागा तुझी.

काम काय? तर संघाच्या कोठाराचं नाव होतं नुसतं 'दूध'. ते बदलून 'लोकनेते आनंदराव माने दूधभांडार' करायचं. आबांची फार दिवसांची हौस होती. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

हर्षदाला 'राजयोग' आठवला. तिनं नवं नाव लिहिलं. यादी समोर आली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होती, पण वाचत होती ती एकटीच. एक नवं बांधीन. एक पाडीन. खाली नेहमीसारखं विचारलेलं, करू का?

तिला भीती वाटली. नाही म्हणावं तर आबा रागावतील, जागा जाईल आणि पुण्याची ती चौघींची खोली नशिबी येईल. हो म्हणावं तर आज टाळ्या पडतील, पेढा मिळेल, उद्याचं उद्या. मागून कुणीतरी कुजबुजलंच, एवढंसं सर्टिफिकेट, कसं जमायचं? तिनं मुलाणींकडं पाहिलं. ते हारातली फुलं सारखी करत बसले होते. हे उत्तर तिचं तिनंच द्यायचं होतं.

"पोरी, अडलंय कुठं?" आबांनी विचारलं.

हर्षदा उठून उभी राहिली.  "आबा, याला मी हो म्हणणार नाही. पडद्यावर वाचा. नाव तुमचं लागेल, पण आत थेंबभर दूध राहायचं नाही."

 आबांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले आणि एकेक अक्षर लावत ती यादी वाचली. मग हर्षदानं समजावून सांगितलं की नाव बदलता येईल, पण आधी सगळ्याची नक्कल काढायची, सामान सावकाश नव्या कोठारात हलवायचं आणि मगच जुनं पाडायचं. पेढे वाटून होईपर्यंत जमणारं काम हे नव्हे. आज नाव हवंच असेल, तर फाटकावर रंगवून घ्यावं. तिथं काही मोडत नाही.

आबांनी चष्मा काढला. क्षणभर वाटलं, आता काही खरं नाही. आणि आबा जे हसायला लागले, ते थांबेचनात. "म्हणजे माझ्या नावापायी अख्ख्या तालुक्याचं दूध सांडलं असतं की गं," ते डोळे पुसत म्हणाले. त्यांनी परातीतला पहिला पेढा उचलला आणि हर्षदाच्या हातावर ठेवला. मुलाणींनी आपल्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला. मालूमावशीनं त्याच दिवशी हर्षदाचा बायोडेटा नव्यानं छापायला टाकला आणि त्या छोट्या सर्टिफिकेटचं नाव सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत घ्यायला लावलं.

दुसऱ्या आठवड्यात पेंटर फाटकावर नाव रंगवायला आला. त्यानं खडूनं अक्षरं आखली, ब्रश रंगात बुडवला आणि विचारलं, "करू का?" आबा हो म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण ते थांबले, कचेरीच्या खिडकीकडं वळले आणि त्यांनी हाक मारली, "हर्षदा, ये बाळ. आधी वाचून बघ."

हर्षदा आली ती हातात चहाचा कप घेऊन. आखलेली अक्षरं तिनं शेवटापर्यंत मोठ्यानं वाचली, मग चहावर फुंकर घातली आणि म्हणाली, "आता करा."

तात्पर्य: मोठ्या नावाला भुलून होकार देऊ नये, त्या होकारानं काय उभं राहणार आणि काय मोडणार, हे जो आधी वाचतो, त्याच्याच हाती काम सोपवावं.