काळा खडा

एका राज्यात, डोंगराच्या खिंडीत, एक जकात नाका होता आणि त्यावर एक जकातदार होता. माणूस इतका सरळ, की व्यापाऱ्याने पुढे केलेली सुपारीसुद्धा घेत नसे. याचा त्याला अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

नाक्याची पद्धत जुनी होती. जकात सगळ्यांना सारखीच. मात्र दर बाजाराला कुणा एकाचा माल पूर्ण उघडून तपासायचा, म्हणजे लपवाछपवीला आळा बसतो. कुणाचा उघडायचा, ते जकातदाराच्या मर्जीवर.

ही मर्जी एक दिवस प्रधानाच्या ध्यानात आली. प्रधानाने मोठा गाजावाजा करून तलाव बांधला होता, आणि एक कासार भर बाजारात म्हणाला होता, "तलाव कसला, चाळण आहे ती." बांगड्या भरता भरता बाया खळखळून हसल्या होत्या. पुढच्या बाजाराला नाक्यावर निरोप आला, "कासाराचा माल जरा नीट बघा."

बांगड्या पेंढ्यात गुंडाळून पेटाऱ्यात घट्ट बसवलेल्या होत्या. शिपायांनी पेटारे ओट्यावर उपडे केले. काचेचाच माल तो, तपासून होईपर्यंत निम्मा फुटला. लपवलेलं काहीच सापडलं नाही.

"माल चोख आहे. जा तू," जकातदार म्हणाला.

"जातो, सरकार. पण बाजारात विकू काय?"

जकातदाराने पुढच्या माणसाला हाक मारली. आपण नियमाबाहेर काही केलं नाही, कुणाचा पैसा खाल्ला नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग दर बाजाराला तोच निरोप येऊ लागला आणि तोच माल फुटू लागला. कासाराच्या घरची चूल एकच वेळ पेटू लागली. त्याने तोंडाला कुलूप लावलं. ते पाहून तेली, गवळी, धान्यवालेही शहाणे झाले. तलावाबद्दल कुणी ब्र काढेना.

तलावाला मात्र गप्प बसणं जमत नव्हतं. तो गळतच राहिला. उन्हाळ्यात राजाचा हत्ती पाण्यावर नेला, तर त्याचे पायसुद्धा धड भिजेनात. राजा धावत आला आणि त्याने सगळ्या कारभाऱ्यांना तलावावर बोलावलं.

"मला हे कुणी सांगितलं कसं नाही?"

जकातदार पुढे झाला.

"महाराज, एकाने सांगितलं होतं," तो म्हणाला. "प्रधानजींच्या शब्दावरून मी त्याचा माल फोडत राहिलो."

राजाने प्रधानाला घरी बसवलं. जकातदारालाही काढणार होता, पण उशिरा का होईना खरं बोलला, म्हणून त्याला ठेवलं.

नवा प्रधान भला माणूस होता, लोकांच्या गळ्यातला ताईत. त्याच सुमारास जुना प्रधान बिऱ्हाड गाड्यांत भरून परमुलखात निघाला. वाट खिंडीतूनच होती. त्याची फजिती बघायला नाक्यावर ही गर्दी जमली. तिथे आलेला नवा प्रधान जकातदाराच्या कानाशी लागला.

"याच्या गाड्या जरा नीट बघा. लोकांच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल."

रांगेत कासारही उभा होता. जकातदाराने गाडीकडे पाहिलं. जुन्या प्रधानाची बायको मांडीवर लोणच्याची बरणी धरून बसली होती. याच माणसाने आपल्याला पापात ओढलं, या विचाराने जकातदाराचे हात शिवशिवले. ते शिवशिवताहेत हे जाणवलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

त्याने एक मडकं मागवलं. रांगेत जितकी माणसं, तितके खडे त्यात टाकले. एक काळा, बाकी पांढरे.

"ज्याच्या हाताला काळा लागेल, त्याचाच माल उघडायचा. तोही मालकाने आपल्या हाताने, घोंगडीवर."

नव्या प्रधानाचा चेहरा उतरला. "माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे, प्रधानजी. तुमच्यानंतर येणाऱ्याला मी ओळखत नाही."

कासार मात्र उसळला. "माझं फुटत होतं, तेव्हा कुठं होतं हे मडकं?"

"तेव्हा नव्हतं, म्हणून तर फुटलं," जकातदार म्हणाला. "माझं चुकलं, दादा."

जुन्या प्रधानाला पांढरा खडा आला. त्याच्या गाड्या निघून गेल्या आणि गर्दी हिरमुसली. मग कासाराने मडक्यात हात घातला. काळा.



"अरे, परत टाक तो. दुसरा काढ," नवा प्रधान कळवळून म्हणाला.

कासार हातातल्या खड्याकडे बघत राहिला. "नको. मग मडकं ठेवलंय कशाला?"

त्याने घोंगडी अंथरली. तो एकेक जोड सोडत होता आणि जकातदार उकिडवा बसून तो दोन्ही हातांत झेलून खाली ठेवत होता. एकही बांगडी फुटली नाही. सगळं पुन्हा बांधून झाल्यावर कासार नव्या प्रधानाकडे वळला.

"प्रधानजी, एक सांगायचं होतं. तुम्ही नेमलेला वैद्य दुपारभर घोरत असतो. आजारी माणसं दारात ताटकळतात."

लोक हसले. नवा प्रधान लालबुंद झाला आणि त्याने जकातदाराकडे रोखून पाहिलं. जकातदार पुढच्या माणसाची जकात घेत होता.

तात्पर्य एवढंच: ज्या अधिकाराने शत्रूला छळता येतं, तो आपल्या लाडक्या माणसाच्या हातातही मोकळा ठेवू नये.