आठवी कळ

एका राज्यात ठकूबाई म्हणून एक बाई होती. तिच्या बोलण्यावर कुणाचा म्हणून विश्वास बसत नसे. आठवी कळ लागते, हे सांगून सांगून बिचारीचा घसा बसला होता.

त्या राज्याचा सगळा कारभार मंत्रांवर चाले. दिवे मंत्राने लागत, दारं मंत्राने उघडत, राजविहिरीचं पाणीही मंत्रानेच चढे. रोज सकाळी सात मांत्रिक विहिरीवर एकेक ओळ म्हणत, शेवटी राजा पद्मकेतू 'तथास्तु' म्हणे, की पाणी काठाला येई. मंत्र बिघडला तर बिघाड शोधायला एक आरसा होता, आणि तो सांभाळायला ठकूबाई. आरशाच्या चौकटीत आठ कळा. एक दाबली की मंत्र जागच्या जागी थांबे, दुसरी दाबली की शब्दाशब्दाने पुढे सरके, बाकीच्याही अशाच. आठवी मात्र बिघाड कुणाच्या तोंडून झाला ते दाखवी, आणि दाबणाऱ्याची एक बट पांढरी करी. मग तिला कोण हात लावतो? चौकटीवर बसणाऱ्या मैनेने सांगितलं, कामासाठी म्हणून बारा वर्षांत दोनदा.

नवा प्रधान कलानिधी याने ते ऐकलं आणि आठवी कळ काढून टाकावी असं राजाला सुचवलं. चौकटीत उगाच गर्दी, शिवाय नवे मांत्रिक चुकून दाबतात आणि ऐन विशीत पिकतात.

"घागर रोज लागते," ठकूबाई म्हणाली. "विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ वर्षातून एकदा लागतो. म्हणून गळ फेकून देता का, प्रधानजी?"

"गळाने केस पिकत नाहीत, बाई."

दरबार हसला. राजा त्या वादाला विटला होता, ठकूबाई त्याहून जास्त. राजाने ठरवलं, तीन दिवसांत तीन बिघाड शोधावेत. आठवीवाचून तिन्ही सापडले, तर ती काढावी.

पहिल्या दिवशी देवडीवरचा दिवा अंधार पाडू लागला. एक शब्द गळला होता, दुसऱ्या कळेने सापडला. दुसऱ्या दिवशी कोठाराचं दार उघडावं तर आत पुन्हा तेच दार. कुणीतरी एक ओळ दोनदा म्हटली होती, तीही चौथ्या कळेने सापडली. कलानिधीला तेवढं पुरे झालं. तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याने संध्याकाळीच कळ उपटवली. ठकूबाईने ती उचलून पदराच्या गाठीत बांधली. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी पाणी काठाला आलं. पहिली घागर ठकूबाईच्या लेकीने, मंजुळेने भरली. घोटभर प्यायली आणि उभ्या उभ्या दगड झाली. मागोमाग आणखी नऊजणी.

"सूर्य मावळला की दगड कायमचा," मैना म्हणाली.

कलानिधीने सातही कळा दाबल्या. शब्द सगळे बरोबर, ओळी सगळ्या जागेवर. तो पुन्हा पहिलीपासून दाबू लागला. असं करता करता दुपार कलली.

"सरा बाजूला," ठकूबाई म्हणाली. "बिघाड मंत्रात नाही, माणसात आहे."

तिने पदराची गाठ सोडली, कळ भोकात बसवली आणि अंगठ्याने दाबली. उपटलेली कळ जास्त घेते. एक बट नाही, तिचं सगळं डोकं पांढरं झालं. आरशात एक तोंड उमटलं. मांत्रिक गप्प झाल्यावर ते तोंड जांभई देत पुटपुटत होतं, "या बायका म्हणजे नुसती कटकट. दगड होतील तर सुटेन." आणि लगेच, "तथास्तु."

दरबारातलं कुणी राजाकडे बघेना. ठकूबाईने बघितलं.

"महाराज, शब्द मागे घ्या. ऊन उतरतंय."

राजा उठला. पायीच विहिरीवर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शब्द माझा होता. मी तो मागे घेतो."

आधी मंजुळेच्या घागरीतलं पाणी हललं, मग तिची बोटं, मग बाकीच्या नऊजणी. शुद्धीवर येताच तिने विचारलं, आई, तुझ्या केसांना काय झालं? ठकूबाई म्हणाली, घरी चल.

आठवी कळ कलानिधीने स्वतः ठोकून बसवली. बिघाड ज्याचा, त्याचं नाव आरशाखाली कोरायचं, असा त्या राज्याचा रिवाज. प्रधानाने छिन्नी धरली आणि तो घुटमळला. महाराजाधिराज लिहावं, की एखाद्या मांत्रिकावर ढकलावं?

"बिरुदं नकोत," राजा म्हणाला. "कोर."

कलानिधीने कोरलं: पद्मकेतू.