शेवटचा फर्मा

“मग वाचतंय कोण, बुवा?”

मठाच्या अंगणात नानाबुवा पोथ्यांना ऊन दाखवत होते. वैशाखात दरवर्षी हे काम असायचं. चटईवर एकेक पोथी सोडायची, पानं मोकळी करायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा बांधायची.

दिवाकर पायरीवर बसला होता. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचे बंद त्यानं मनगटाला गुंडाळून घेतले होते, एखादं जनावर धरून आणल्यासारखे.

“घरात मी एकटा,” तो म्हणाला. “दाराला आतून कडी. पुस्तक कपाटात, किल्ली माझ्या खिशात. आणि तरी पानं कापली जातायत.”

“हं...”

“हं काय, बुवा?”

“हं म्हणजे ऐकतोय. पहिल्यापासून सांगा.”

बातमी आली तो एक साधा बुधवार होता. दूध तापून निवत पडलं होतं. दिवाकरची बायको, शरयू, भाचीच्या मुलाच्या बारशाला अमरावतीला गेली होती. दिवाकर टेबलाशी बसून वहीत लिहीत होता. वर्षभरात वाचलेल्या कादंबऱ्यांची वही होती ती. कादंबरीचं नाव, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, आणि शेवटी एका ओळीचा शेरा. कॉलेजात शिकत होता तेव्हापासून दर वर्षाची एक वही. एकही रकाना रिकामा नाही. आवडो न आवडो, हातात घेतलेली कादंबरी तो संपवायचाच. आणि कुणी विचारलं नाही तरी हे सांगायचा.

फोन शरयूच्या भावाचा होता. “भाऊजी, तुम्ही आधी बसून घ्या,” तो म्हणाला.

दिवाकर बसलेलाच होता.

फोन ठेवल्यावर त्यानं अर्धवट राहिलेला शेरा पुरा केला. पेनाला टोपण लावलं. दुधावर झाकण ठेवलं आणि मग पँट बदलायला उठला.

शरयूचं माहेर याच गावचं, नदीकाठच्या या मठाला लागून. लग्नानंतर दोघं वर्षातून एकदा इथं यायची. दिवाकर शहरातल्या कॉलेजात साहित्य शिकवायचा, त्याच्या स्वतःच्या तीन कादंबऱ्या छापून आल्या होत्या, आणि मठात आल्यावर त्याचा जरा वेगळाच आवाज लागायचा.

“यंदा पन्नास कादंबऱ्यांच्या वर गेलो, बुवा.”

“बरं,” बुवा म्हणायचे. “आणि शरे, तुझ्या किती?”

“मी कुठं मोजते? पण एकीत नवरा मरतो, ती फार छान होती.”

बुवांना हसता हसता ठसका लागायचा.

शरयूचं वाचणं तसलंच. शेवट आधी वाचायची. कंटाळा आला की पुस्तक जिथं असेल तिथं उपडं टाकायची, तांदळाच्या डब्यावर, खिडकीत, एकदा तर फ्रिजमध्ये. दिवाकरच्या वहीला ती जन्ममृत्यूचं रजिस्टर म्हणायची. “तुमच्याकडे नोंद झाली की कादंबरी मेली.”

शरयू गेली त्या वर्षी मात्र त्यानं हट्टानं वहीतलं एक पान तिला दिलं. “एक तरी नीट वाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“बरं बाई,” ती म्हणाली, आणि तिरक्या अक्षरात तिनं एका कादंबरीचं नाव लिहिलं. पुढे तारीख लिहिली.

ती कादंबरी तिनं फुटपाथवरून आणली होती. खूप जुनी. बाइंडिंगवाल्याकडून कडा छाटायच्या राहून गेल्या होत्या, त्यामुळे फर्मे, म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या, दुमडलेले तसेच, पानांना पानं जोडलेली. वाचायचं तर आधी कापायचं. “म्हणजे ही प्रत आजवर कुणीच वाचलेली नाही!” तिला केवढा आनंद झाला होता. लोणी लावायची बोथट सुरी घेऊन ती बसायची. चार पानं कापायची, चार वाचायची. शेवट बघायचा मोह झाला तरी शेवटची पानं बंद होती, आणि या वेळी तिनं शब्द दिला होता.

अमरावतीला जाताना पुस्तक घरीच राहिलं. आत खुणेला सुरी. मधल्या पानांपर्यंत कापलेलं, पुढचं सगळं मिटलेलं.

“तेरावं झालं,” दिवाकर म्हणाला, “आणि पंधराएक दिवसांनी पाहिलं तर सुरी पुढे सरकलेली. दोन फर्मे कापलेले.”

“तुम्ही कापले नाहीत?”

“मी पट्टी लावून कापतो. सरळ. हे...” त्यानं पिशवीवर हात ठेवला. “हे तिचं कापणं आहे. कुरतडल्यासारखं. तिला कधी धीर नव्हता.”

स्वयंपाकघराच्या दारात गोदूबाई आल्या. मठात जेवणखाण त्याच बघायच्या. शरयूला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

“जवाईबापू, भाकर वाळून रायली. जेवता का उन्हातच बसता?”

“भूक नाही, मावशी.”

“पानावर बसा तं खरं. मंग लागते भूक.” मग बुवांकडे वळून म्हणाल्या, “आन् तुमी काय त्या पोथ्याइले उलथवून रायले सकाळपासून? पापड होतीन त्याइचे.”

“होऊ दे. तळून घाल उद्या.”

“घालतो ना! सोडतो का काय!” त्या आत गेल्या.

दिवाकर हसला नाही. तो चटईकडे बघत होता. बुवांनी सगळ्या पोथ्या सोडल्या होत्या, एक सोडून. ती तांबड्या फडक्यात बांधलेली तशीच उन्हात ठेवली होती. पानांतून मोरपिसाचं टोक बाहेर आलं होतं.

“मी पुस्तक कपाटात ठेवलं, तरी तेच. मग उशाशी घेतलं. परवा दुपारी जेवून पडलो होतो, डोळा लागत होता. कानाशी आवाज आला. सुरी कागदातून जाते तसा. चर्र... चर्र...”

“मग?”

“डोळे उघडले नाहीत.”

“का?”

नदीकडून गरम वारा आला, पोथ्यांची पानं एकदम उठली आणि बसली.

“ती दिसली असती म्हणून?” बुवांनी विचारलं.

“ती दिसली नसती म्हणून.”

बुवांचा हात पहिल्यांदा थांबला.

“आता एकच फर्मा राहिलाय, बुवा. शेवटचा. सोळा पानं. तो कापला की कादंबरी संपली. आणि ती संपली की...” त्यानं पिशवीचे बंद आणखी आवळले. “मग घरात कुणी राहणार नाही. मी मंत्रतंत्र मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण काहीतरी करा. तिला थांबवा.”

“इतके दिवस ती वाचत बसलीय, ते चालतंय तुम्हाला?”

“चालतंय.”

“तिला चालतंय का?”

शरयू गेल्यापासून हा प्रश्न दिवाकरला सुचलाच नव्हता.

“ती वही आणलीय?” बुवा म्हणाले.

वही पिशवीतच होती. त्यानं शरयूचं पान उघडून समोर धरलं. बुवांनी चष्मा पुसला, लावला, आणि बोट ठेवून वाचत गेले. कादंबरीचं नाव. सुरू केल्याची तारीख. मग संपवल्याची तारीख... तिथं बोट थांबलं.

“हे अक्षर तिचं नाही.”

“माझं आहे.”

“केव्हा लिहिलंत?”

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“तारीख कसली ही?”

“ती गेली त्या दिवसाची.” दिवाकरचा आवाज जरा चढला. “रकाना रिकामा होता, बुवा. तीस वर्षांत माझ्या वहीत एक रकाना रिकामा नाही. तिच्याच नावापुढे कसा ठेवणार? मला बघवेना. संपली, असं मानलं आणि लिहून टाकलं.”

“तिची वाचून झाली नव्हती.”

“नव्हती.”

“आणि तुम्ही लिहिलंत, झाली.”

“हो.”

बुवांनी वही मिटली नाही. नुसतेच बघत राहिले त्या आकड्यांकडे. मग हळूच म्हणाले,

“जन्मात कधी पुस्तक पुरं केलं नाही पोरीनं. आता बसलीय बिचारी, नवऱ्याची वही खोटी पडू नये म्हणून.”

दिवाकरनं वही उघडीच पायरीवर ठेवली.

तेवढ्यात...

चर्र.

आवाज बारीक होता. पिशवीतून आला होता. पिशवीचे बंद अजून त्याच्या मनगटालाच होते.

“उंदीर घुसला वाटते थैलीत!” पुन्हा दारात आलेल्या गोदूबाई ओरडल्या. “झटका ते, जवाईबापू! माह्या पिठात नका सोडू!”

दिवाकरनं पुस्तक बाहेर काढलं. सुरी शेवटच्या फर्म्यात होती. वरची घडी सुटली होती. कडेला कागदाचे बारीक दाते, ताजे, पांढरे. बाजूची घडी तेवढी जोडलेली होती अजून.

“बुवा...”

बुवा त्या मोरपिसाच्या पोथीकडे बघत होते.

“ही आमच्या गुरूंची,” ते म्हणाले. “पारायण चालू असताना गेले. शेवटचा अध्याय उरला होता. इथली रीत आहे, ज्याचं वाचन त्याचं. दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. खुणेचं पीस असतं तिथं ठेवायचं, नुसतं ऊन दाखवायचं. पण मी तेव्हा तरणा होतो. मला वाटलं, गुरूंचं अपुरं कसं राहील? मी समाप्तीचा नैवेद्य दाखवला. पारायण पुरं झालं, म्हणून.”

“मग?”

“पीस हलायला लागलं. रोज एक पान.”

“मग काय केलंत?”

“पोथीपुढे वाळत पडलेला नैवेद्य परत घेतला. कुत्र्याला घातला. पीस थांबलं.”

चर्र.

या वेळी दोघांनी पाहिलं. सुरीला कुणाचा हात नव्हता. बाजूची घडी बोटभर सुटली आणि थांबली. दम घ्यायला कुणी थांबावं, तशी.

“पूस ते,” बुवा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

“काय?”

“तारीख पूस.”

“शाईची आहे. वही खराब...”

तो बोलता बोलता थांबला. आपलं वाक्य आपल्याच कानांवर पडलं त्याच्या.

बुवांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. दिवाकरनं अंगठा बुडवला, आणि त्या नीटस आकड्यांवर टेकवला. कागद ओला झाला. शाई पसरली. आधी वर्ष गेलं, मग महिना. दिवसावर अंगठा आला तेव्हा हात अडला.

“बुवा, हे पुसलं की ती... थांबेल की जाईल?”

बुवांनी मान हलवली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणूनही नव्हे. माहीत नाही, अशी.

दिवाकरनं अंगठा दाबला.

रकान्यात एक निळा ओला डाग राहिला, बुळबुळीत, नखाएवढा. कागद तिथं विरविरीत झाला होता.

दोघं ऐकत राहिले...

आत गोदूबाईंनी तव्यावर भाकरी टाकली. नदीपलीकडे कुणीतरी म्हशीला हाक मारत होतं. पुस्तक मांडीवर पडून होतं. बऱ्याच वेळानं सुरी पानांतून घसरली, पायरीवर पडली आणि वाजली. एवढंच.

बुवांनी ती उचलली, धोतराला पुसली आणि त्याच्या हातात दिली. बाजूची घडी बोटभर सुटलेली, बाकी मिटलेली. फटीतून आतल्या ओळींचे अर्धेमुर्धे शब्द दिसत होते. दिवाकर त्या फटीजवळ सुरी नेऊन बसला. शेवट आत होता. बोट घालून ओढलं असतं तरी उघडला असता. तिला कधी कळला नाही तो शेवट.

“मावशी,” त्यानं हाक मारली. “ही सुरी तुमच्याकडे ठेवा.”

गोदूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सुरी उलटसुलट करून पाहिली.

“बोथी आहे हे. काय कापाव हिनं?” मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढे काही न बोलता सुरी कमरेला खोचली. “चला. दोन घास खाऊन घ्या.”

ऊन उतरायला लागलं होतं. बुवांनी पोथ्या बांधायला घेतल्या. शेवटी तांबड्या फडक्यातली पोथी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, तशीच, न सोडता. मोरपीस होतं तिथंच होतं.

दिवाकर उघड्या वहीकडे बघत होता. डाग वाळला होता. त्याच्या पुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि तसाच बसून राहिला. इतक्या कादंबऱ्यांवर शेरे मारलेला माणूस, त्याला एक ओळ सुचत नव्हती.

“बुवा, इथं काय लिहू?”

बुवा मठाची पायरी चढत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“लिही. शेवटची पानं वाचायची राहिली.”